धंद्याचा पत्ता

मी संशयी माणूस आहे. हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही, मी स्वतःच कबूल करतो. रिक्षात बसलो की रिक्षावाला कुठून वळवतोय यावर माझं लक्ष असतं. दुकानदारानं नुसतं "बसा ना भाऊ" म्हटलं तरी आता हा काय गळ्यात मारणार, असं वाटतं. आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं. बांधावरून भावकीत इतक्या कोर्टकचेऱ्या झालेल्या लहानपणी पाहिल्या की कुणाच्या हातात सरकारी कागद दिसला तरी मी रस्ता बदलतो. लातूरला पोट भरायला आलो तेव्हा हा स्वभाव कपड्यांबरोबर सोबत आणला.

आणि एवढ्या संशयी माणसानं धंदा कुठला धरावा? दोराला लटकून काचा पुसायचा.

लातुरात गेल्या काही वर्षांत क्लासेसच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांना पुढून भिंतच नसते, नुसती काच असते. चार-पाच मजले निळसर काच, आणि आत डॉक्टर-इंजिनीअर व्हायला आलेली पोरं. या काचांवर धूळ बसते, पावसाचे ओघळ वाळतात, कबुतरं आपलं काम करून जातात. ते सगळं आतून पुसता येत नाही. मग गच्चीवरून दोर सोडायचा, दोराला फळी, फळीवर मी, कमरेला पट्टा, एका बाजूला शाम्पूच्या पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला वायपर आणि ब्लेडची पट्टी. पायात कॅनव्हासचे बूट. डाव्या बुटाचं टोक मी कापून टाकलं होतं, कारण अंगठा एकदा फळीखाली सापडून कायमचा वाकडा झाला होता आणि बुटात दुखायचा.

वर गच्चीवर दोर धरायला चाचा असायचे. चाचा नांदेडचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या काच कापायचा आणि तसबिरींना चौकटी घालायचा धंदा. त्यांनी तरुणपणी उंच इमारती रंगवणाऱ्यांबरोबर काम केलं होतं, तिथं दोर शिकले. नांदेडच्या एका हॉस्पिटलच्या काचा पुसताना आमची गाठ पडली आणि तेव्हापासून आम्ही जोडीनं काम करायचो. आठवड्यातले चार दिवस ते लातूरला येऊन बहिणीकडे राहायचे.

आमच्यात एक रीत होती. गाठ ज्यानं बांधली त्यानंच ती बघायची, उतरणाऱ्यानं तिला हात लावायचा नाही. उतरणाऱ्यानं दोराला दोन झटके द्यायचे, वरच्यानं एक झटका उलट द्यायचा, आणि मग कठड्यावरून पाय बाहेर टाकायचे. सहा वर्षं मी असा उतरलो. दुधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, पण चाचांची गाठ मी कधी वळून बघितली नाही. मला तिच्यावर विश्वास होता असंही म्हणता येणार नाही. तसा विचारच कधी मनात आला नव्हता.

मग शहरात नियम आला. कुठल्या तरी दुसऱ्या शहरात काचा पुसणारा माणूस पडला होता म्हणे. आता दोन मजल्यांच्या वर बाहेरून लटकून काम करणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागणार होता. स्वतःचा धंदा असो की कुणाच्या हाताखाली. डॉक्टरचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला, पट्टा आणि हेल्मेट असल्याचा पुरावा. परवान्यावर दोन नावं, उतरणाऱ्याची आणि दोर धरणाऱ्याची. दोघांनी रोज गाठ तपासायची आणि वहीत सही करायची. आधी सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना, मग तपासणी आणि सुनावणी, मग कायमचा. इमारतीच्या मालकांनाही सांगितलेलं, परवाना नसलेल्याला गच्चीची किल्ली द्यायची नाही. म्हणजे परवाना गेला की धंदा गेला. मला तर दुसरं काही येत नव्हतं.

फॉर्म भरायला परवान्याच्या कार्यालयात गेलो तेव्हा मनात पाल चुकचुकलीच. इतकी वर्षं आम्ही लटकत होतो तेव्हा कुणाला आमची काळजी नव्हती, आज अचानक का? कुठं पाणी मुरतंय? फॉर्मवर राहण्याचा पत्ता विचारला होता. मी म्हटलं, आज पत्ता विचारतात, उद्या दारात उभे राहतील, परवा घरमालकाला काहीतरी विचारतील आणि तो मला खोली खाली करायला सांगेल. पत्ता द्यायचा नाही.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "धंद्याचा पत्ता?"

"धंद्याला पत्ता न्हाई साहेब. धंदा हवेत हाय."

तो हसला नाही. म्हणाला, "दुकान नसेल तर जिथं जास्तीत जास्त काम करता तिथला लिहा."

मी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा, त्या पाच मजली क्लासेसच्या इमारतीचा पत्ता लिहिला. त्याच्या खाली राहण्याच्या पत्त्याची ओळ होती. तिथं लिहिलं, "वरीलप्रमाणे." मोबाइल नंबर दिला तो कपाटात बंद पडून असलेल्या जुन्या फोनमधल्या सिमचा. आपण फार हुशारी केली असं वाटून मी छाती फुगवून बाहेर आलो.

चाचांनी फॉर्मची झेरॉक्स बघितली आणि कपाळाला हात लावला. "अरे भाऊ, तू काय काचंवर राहतो का?"

"राहू द्या चाचा. जास्त माहिती दिली की जास्त अडकतो माणूस."

"आणि त्यास्नी तुला काही सांगायचं आसंल तर?"

"सांगणारे शोधून काढतात बरोबर."

तात्पुरता परवाना मिळाला. फोटोसकट, गळ्यात घालायचा. वहीत रोज सही करायची होती, ती आम्ही करायचो. गाठ मात्र मी तपासायचो नाही. चाचा म्हणायचे, "सही कर, मी बघितली हाय," आणि मी करायचो. नियमाची वही आणि आमची रीत यांचं असं सहा महिने चाललं.

आता जरा धंद्याबद्दल. काच पुसणाऱ्याचा खरा शत्रू धूळ नाही. कागद आहे. परीक्षांचे निकाल लागले की लातुरात माणसं हातात डिंकाचा डबा आणि बगलेत कागदांची गुंडाळी घेऊन फिरतात. अमुक क्लास, तमुक अभ्यासिका, मुलींसाठी मेस, जुनी पुस्तकं विकणे आहे. सगळं काचेवर, कारण काचेवर कागद चांगला बसतो. त्यावर मी कामाची एक पद्धत बसवली होती. कागद वाचायचा नाही. वाचायला थांबलं की हात थांबतो, फळी डोलते आणि पाणी वाळतं. कागद दिसला की आधी भिजवायचा, पाच मिनिटं दुसरीकडे पुसायचं, मग ब्लेड कोपऱ्यातून घालून एका ओढीत काढायचा, लगदा बादलीत. वरून खाली येता येता तळमजल्याच्या दारापर्यंत काच अशी करायची की आत पंखा कुठल्या कंपनीचा आहे ते बाहेरून वाचता यावं. मला माझ्या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे.

सहा महिने संपत आले. तपासणी झाली. एक बाई आल्या होत्या, बुटक्याशा, जाड चष्म्याच्या. कार्यालयात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी पट्टा ओढून बघितला, वही चाळली आणि सुनावणीची तारीख कळवू म्हणाल्या. मी वाट बघत राहिलो. काही कळलं नाही. मी म्हटलं, सरकारी काम आहे, वर्षभर लागेल.

पुढं एक दिवस सकाळी आम्ही त्याच इमारतीवर चढायला गेलो तर वॉचमननं किल्ली दिली नाही. हा वॉचमन जळकोटकडचा, दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवायचा. त्यानं मालकाकडे आलेला कागद दाखवला. माझा परवाना थांबवण्यात आला होता. कारण, अमुक मंगळवारी धंद्याच्या पत्त्यावर नोटीस लावूनही अर्जदार सुनावणीला हजर राहिला नाही.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. नोटीस लावली होती? कुठं? मी तर बघितली नव्हती. मी वॉचमनला धरलं.

"नोटीस कुठं गेली?"

"मला काय ठाऊक भाऊ. दारावर काहीतरी कागद होता खरा. दुपारी बघितलं तर न्हवता."

"कुणी काढला?"

"मी का सगळ्या कागदाची राखण करून राहिलोय का?"

मी घरी जाऊन कामाची वही काढली. त्या मंगळवारी आम्ही त्याच इमारतीवर होतो. म्हणजे आम्ही तिथं असताना नोटीस लागली आणि आम्ही तिथं असतानाच गेली. आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात काय येणार? वॉचमनला माझी नोटीस काढून मिळणार काय? बाजूच्या गल्लीत एक जण काचा पुसायचा, पण तो शिडीवाला, दुसऱ्या मजल्याच्या वर गेला की त्याला घाम फुटायचा. त्याला माझ्या परवान्याचं काय? मी हिशेब मांडत बसलो. त्या दिवशी मी हवेत होतो. जमिनीवर कोण होतं? चाचा वर गच्चीवर होते, पण जेवायच्या सुट्टीत तेच आधी खाली उतरायचे, दारापाशी हात-पाय धुवायचे आणि मी सामान आवरून यायचो.

हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्यांदा आला तेव्हा जरा कमी वाटली.

मग दोन गोष्टी झाल्या. चाचांनी माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "लागतंय रे." मी दिली. आणि दोनच दिवसांनी वॉचमननं खुर्चीतून मान काढून सांगितलं, "तुमचे चाचा त्या कार्यालयात बसले होते काल. बाहेर अर्ज लिहिणाऱ्याकडून काहीतरी लिहून घेतलं आन् मॅडमला दिलं." मी चाचांना आडून विचारलं, "काल दिसला न्हाईत?" ते म्हणाले, "काम होतं जरा." एवढंच.

झालं. माझ्या मनात सगळं चित्र तयार झालं. परवाना थांबलेला, दोर धरणाऱ्याचं नाव आधीच त्यावर आहे, आता चाचा माझ्या जागी दुसरा उतरणारा आणणार आणि इमारतीचं काम आपल्या नावावर करणार. नोटीस त्यासाठीच काढली. हे चित्र इतकं नीट जुळलं की त्यात कुठं फट दिसेना, आणि मला तर फट नसलेल्या काचेची सवय होती.

लातुरात लटकता येत नव्हतं. नांदेडला हा नियम अजून आला नव्हता. तिथं एका शोरूमच्या तीन मजली इमारतीचं काम चाचांनीच आणलं. सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. चाचांनी पाण्याच्या टाकीच्या खांबाला दोर बांधला, ओढून बघितला आणि नेहमीसारखे हात झटकले. मी कठड्याकडे जायच्या ऐवजी खांबाकडे गेलो, खाली बसलो आणि गाठ हातात घेतली.

"काय करून राहिला?"

"बघून राहिलो."

"काय?"

"गाठ."

मीच पुढं म्हणालो, "नियमात लिहिलंय. दोघांनी तपासायची."

"लिहिलंय, हाव. लातूरच्या नियमात. हे नांदेड हाय." ते माझ्याजवळ आले. "नियमापायी बघून राहिला का माझ्यापायी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. सुरक्षिततेसाठी बघतो म्हटलं असतं तर तेही खरंच ठरलं असतं, कारण गाठ बघणं चुकीचं नाहीच. पण माझ्या पोटात जे महिनाभर साठलं होतं ते बाहेर आलं.

"मंगळवारी दारावरचा कागद कुणी काढला चाचा? आन् त्या कार्यालयात तुम्ही काय लिहून दिलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुला वाटतं मी काढला?"

"वाटतं."

त्यांनी मान हलवली आणि खांबापाशी बसून गाठ सोडायला लागले. ती सुटेना. चाचांची गाठ भार आल्याशिवायही घट्ट बसायची, तिला दोन्ही अंगठ्यांनी मागं ढकलत ढकलत सोडवावं लागायचं. ते सोडवत होते आणि मी बाजूला उभा होतो. दोर माझा होता, त्यामुळे मला जाताही येईना. शेवटी दोर सुटला. त्यांनी तो नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"आज उतरू नको," ते म्हणाले. "असं मन घेऊन कुणी उतरत नसतं. पडशील." आणि ते जिन्यानं खाली गेले.

मी लातूरला परत आलो. पुढचा महिना-दीड महिना तळमजल्याच्या काचा पुसल्या. सलूनचे आरसे, हॉटेलांची दारं, एकदा निलंग्याला जाऊन एका कापड दुकानाच्या शोकेसच्या काचा. जमिनीवर उभं राहून पुसायला परवाना लागत नाही. पण पाय जमिनीला टेकलेले असले की मला काम केल्यासारखं वाटत नाही. संध्याकाळी खोलीवर बसून मी चाचांनी काय काय केलं असेल याची उजळणी करायचो, आणि दर वेळी त्यांचा अपराध थोडा मोठा व्हायचा.

मग एका दुपारी फोन आला. एस.टी.चा कंडक्टर होता. "नांदेडहून पाकीट दिलंय तुमच्यासाठी. स्टँडवर या."

मी स्टँडवर गेलो. पाकीट सरकारी होतं. वर माझं नाव आणि खाली चाचांच्या नांदेडच्या घराचा पत्ता. माझं पत्र त्यांच्या पत्त्यावर! मी पाकीट उजेडात धरलं. उघडून परत चिकटवलंय का, हे बघायला डिंकावरून अंगठा फिरवला. डिंक बघून कागद कधी लावलाय हे मला सांगता येतं, तो माझा धंदा आहे. पाकीट उघडलेलं नव्हतं. आत नव्या सुनावणीची तारीख होती. मी बाकड्यावर बसलो आणि विचार केला, म्हणजे यांनी कार्यालयात आपलाच पत्ता देऊन टाकला. परवाना ताब्यात घ्यायची तयारी आहे. मग पाकीट पाठवलं कशाला, हा प्रश्न मला पडला होता, पण त्याचं उत्तर मी पुढं ढकललं.

सुनावणीच्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोर मी एकटाच होतो.

"मागच्या वेळी का आला नाहीत?"

"नोटीस मिळालीच न्हाई मॅडम. कुणीतरी मुद्दाम काढली."

"कुणी?"

"माझ्या दोर धरणाऱ्यानं," मी म्हणालो. स्पष्ट म्हणालो.

मॅडमनी चष्मा वर केला. मग फाइल उघडून ती माझ्याकडे फिरवली. "दुकान नसलं की नोटीस धंद्याच्या जागी लावतात. फॉर्मच्या मागं लिहिलंय. लावल्यावर शिपायानं फोटो काढायचा असतो. हा बघा."

फोटोत क्लासेसच्या इमारतीचं काचेचं दार होतं. दारावर पांढरा कागद, चारी कोपरे नीट चिकटवलेले, वर माझं नाव. कागदाच्या वर, फोटोच्या वरच्या कडेला, फळीची खालची बाजू आणि दोन लोंबकळणारे पाय. डाव्या बुटाला टोक नव्हतं आणि त्यातून एक वाकडा अंगठा बाहेर आला होता.

मला सगळं आठवलं. त्या दिवशी मी पहिल्या मजल्याच्या काचेवर होतो. खाली एक जण डिंकाचा डबा घेऊन आला आणि दारावर कागद चिकटवला. त्यानं वर बघून काहीतरी हाक मारली. मी त्याला क्लासवाल्यांचा माणूस समजलो, "हो बाजूला, पाणी पडंल!" म्हणून ओरडलो आणि वायपर झटकून त्याच्या अंगावर पाणी उडवलं. तो पळाला. मी खाली आलो. कागद भिजवला, पाच मिनिटं बाजूची काच पुसली, ब्लेड कोपऱ्यातून घातली आणि एका ओढीत काढला. ताजा डिंक होता, सुंदर निघाला. मी मागं सरून काच बघितली होती आणि स्वतःवर खूश झालो होतो.

मॅडम हसल्या असत्या तर मीही हसलो असतो. त्यांनी पान उलटलं. पुढचा कागद अर्जलेखकाच्या हातचा होता, खाली चाचांची उर्दूतली सही, सोबत माझ्या आधारची झेरॉक्स. तारीख बघितली. परवाना थांबल्यानंतर तीनच दिवसांची, गच्चीवरच्या त्या सकाळच्या आधीची. लिहिलं होतं की सदर इसम कामात पक्का आहे, दारू पीत नाही, मी सहा वर्षं त्याचा दोर धरतो. त्याला पत्ता द्यायची भीती वाटते, ती त्याची सवय आहे, लबाडी नाही. तरी त्याला आणखी एक संधी द्यावी आणि यापुढची पत्रं माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावीत, मी त्याला पोचवीन.

मी ते दोनदा वाचलं. मला तिथल्या तिथं रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खिडकीच्या काचेकडे बघत बसलो. ती फार मळलेली होती.

"तुम्ही आत्ता त्यांच्याबद्दल जे बोललात ते लिहून घेऊ का?" मॅडमनी विचारलं.

"नको."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "परवाना दोन नावांचा आहे. त्यांना घेऊन या, दोघं सह्या करा, आजच सोडते. ते येणार नसतील तर दुसरा माणूस आणा आणि त्यांचं हरकत नसल्याचं पत्र आणा."

त्याच दिवशी मी नांदेडची एस.टी. धरली. चाचा घराच्या पुढच्या खोलीत काच कापत बसले होते. मला बघून त्यांनी काच कापायची हिरकणी खाली ठेवली, आतून पाणी मागवलं, मग चहा मागवला. मी पाणी न पिताच बोललो.

"चाचा, कागद मीच काढला."

त्यांनी ऐकून घेतलं. मी फोटोचं, पायाचं, वाकड्या अंगठ्याचं सगळं सांगितलं. अंगठ्याला ते थोडं हसले. "तूच काढणार. काचंवर कागद दिसला की तुझा हात ऱ्हातो का?"

"आधार कशाला मागितला ते सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तू दिला आसता का?"

नसता दिला. मी म्हणालो, "माफ करा चाचा."

"केलं."

"मग चला. उद्या सह्या करू."

"न्हाई भाऊ."

"माफ केलं म्हणालात की."

"केलं की. मनापासून केलं. पण दोर धरायला माफी पुरत न्हाई." त्यांनी काचेचा एक तुकडा उचलून कडेवर बोट फिरवलं. "मी वर उभा राहीन आन् मला वाटत राहील, हा खाली लटकून माझी गाठ आठवून राहिलाय. मंग माझाच हात थरथरायचा. तू पडलास तर मी कुठं जाऊ?"

मी हरकत नसल्याच्या पत्राचं सांगितलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं असेल तर दिसलं नाही. त्यांनी वहीतून कोरा कागद फाडला आणि माझ्यापुढं ठेवला. त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी बोलायचे पण लिहायला हात वळत नव्हता. "मी सांगतो, तू लिही. मी सही करतो."

मी लिहायला लागलो. सदर इसमानं माझ्या जागी दुसरा माणूस घ्यायला माझी हरकत नाही. आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं, एकही अपघात झाला नाही. सदर इसम नेहमी पट्टा लावतो.

"आणि लिही," चाचा म्हणाले, "हा माणूस उतरायच्या आधी गाठ स्वतः तपासतो."

माझं पेन थांबलं. मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, ते खरोखर माझ्या परवान्याचाच विचार करत होते.

"लिही ना. खरं हाय ते. तुझ्या कामी येईल."

मी माझ्या हातानं ते लिहिलं. त्यांनी खाली सही केली, कागद वाळू दिला आणि चार घड्या घालून मला दिला. चहा आला होता. तो आम्ही दोघांनी प्यायला.

आठवड्यानं मी नव्या माणसाला घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी चाचांचं पत्र सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबून तिच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली.

"ही सवय फार चांगली आहे तुमची," शिक्का उचलत त्या म्हणाल्या. "सोडू नका."

मी हो म्हणालो.